डिचोलीतले जुने घर आणि इंटरनेटवरची माहिती : काय मानावे, काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीला आजोळच्या घराचे डॉक्युमेंटेशन करायचे आहे. घर डिचोली तालुक्यातले. चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मधोमध राजांगण म्हणजे आतला चौक, पुढे बाल्कांव म्हणजे बसायचे कट्टे असलेला दर्शनी ओटा, वर मंगळुरी कौले. घराचा काळ, शैली आणि दुरुस्तीची पद्धत तिने इंटरनेटवर शोधली. एका पानावर अशा घरांना ‘चारशे वर्षांची पोर्तुगीज घरे’ म्हटले आहे, दुसऱ्यावर ‘गोमंतकीय बरोक’ असा शिक्का आहे (बरोक ही युरोपातली नक्षीदार वास्तुशैली), एआयने सतरावे शतक सांगून टाकले आणि मामा म्हणतात की घर पणजोबांनी बांधले. वास्तुकलेची भरवशाची माहिती ऑनलाइन मिळते तरी कुठे, असे ती विचारते.

बाय, मी गोव्यातल्या जुन्या घरांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीत बरीच वर्षे आहे, आणि हा प्रश्न मला दर पावसाळ्यानंतर कोणी ना कोणी विचारतेच. ‘कुठे’ याचे उत्तर पुढे देतो. पण डोळे मिटून विसंबावे अशी एकही साइट माझ्या माहितीत नाही, सरकारीसुद्धा नाही. वाक्यावाक्याला विचारत जावे लागते : हे पहिल्यांदा कोणी लिहिले, तो माणूस त्या इमारतीपाशी उभा राहिला होता का, आणि असे लिहिण्यात त्याचा काही फायदा होता का? होमस्टेच्या जाहिरातीत घराचे वय शंभर वर्षांनी वाढले की खोलीचे भाडेही वाढते. तिथला आकडा वाचून सोडून द्यायचा.

तुझ्या चार उत्तरांपैकी ‘चारशे वर्षांचे पोर्तुगीज घर’ हे तर जागेवर बसूनच मोडते. पोर्तुगीजांनी तिसवाडी १५१० मध्ये घेतली, बारदेश आणि साष्टी १५४३ मध्ये. डिचोली, सत्तरी, पेडणे हा भाग त्यांच्याकडे आला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणून तर त्याला नव्या काबिजादी म्हणतात. त्याआधी तिथे सावंतवाडीच्या भोसल्यांचा अंमल होता. मग चारशे वर्षांपूर्वी डिचोलीत ‘पोर्तुगीज घर’ कोण बांधणार? घर चारशे वर्षांचे असेल तर ते पोर्तुगीज अमलातले नाही आणि पोर्तुगीज अमलातले असेल तर चारशे वर्षांचे नाही. यासाठी वास्तुकलेचे पुस्तकही उघडावे लागत नाही, तालुक्याचा इतिहास माहीत असला की पुरे. साष्टीतल्या एखाद्या घराबद्दल लिहिलेली ओळ उचलून अख्ख्या गोव्यावर डकवली की असे घोटाळे होतात, आणि इंटरनेटवरचा बराचसा ‘गोवन हाऊस’चा मजकूर असाच डकवलेला आहे.

हीच युक्ती दुसरीकडे चालवून बघ. फोंड्याच्या साफा मशिदीबद्दल जिथे तिथे एक वाक्य सापडते : विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने ती १५६० मध्ये बांधली. वाचायला ठीक वाटते. आता आदिलशाहीची वंशावळ शेजारच्या टॅबमध्ये उघड. पहिला इब्राहिम १५५८ मध्ये वारला. त्याच्यामागून अली आदिलशहा गादीवर आला आणि १५८० पर्यंत होता. दुसरा इब्राहिम आला तो १५८० मध्ये. म्हणजे १५६० साल आणि इब्राहिम हे नाव एका वाक्यात नांदूच शकत नाहीत. साल चुकले की नाव चुकले, हे ठरवायला वेगळा पुरावा लागेल. तोवर ते वाक्य आपल्या अहवालात जसेच्या तसे उतरवायचे नाही. शंभर पानांवर ते असले तरी काही फरक पडत नाही, कारण ती शंभर पाने एकमेकांवरून उतरवलेली असतात. विकिपीडियावर एखादी तारीख येते, ती वर्तमानपत्र उचलते, आणि पुढे त्याच वर्तमानपत्राचा हवाला विकिपीडियाच्या तळटीपेत जाऊन बसतो. म्हणून मी विकिपीडिया वाचतो तो तळटीपांपासून. तळटीप एखाद्या सहल-कंपनीच्या पानावर नेत असेल तर तिथेच थांबतो.

सालाची आणखी एक गोम आहे, आणि विद्यार्थी इथे हमखास अडकतात. ‘इमारत कोणत्या सालची’ या प्रश्नाला सहसा एक उत्तर नसतेच. जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल घे. काम सुरू झाले १५६२ मध्ये, पुरे झाले १६१९ मध्ये, अभिषेक झाला १६४० मध्ये, आणि १७७६ मध्ये दोनपैकी एक मनोरा कोसळला तो पुन्हा उभारलाच नाही. आज आपण जे एका मनोऱ्याचे दर्शनी रूप बघतो ते १७७६ नंतरचे. चार साइटवर चार साले दिसली की पोरे म्हणतात, माहितीच विश्वासार्ह नाही. तसे नसते. चारही साले बरोबर असतात, फक्त कशाचे साल ते लिहिणाऱ्याने सांगितलेले नसते. पणजीच्या कला अकादमीच्या इमारतीचेही असेच. कुठे १९७३ दिसते, कुठे १९८३. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी आराखड्याला हात घातला तेव्हापासून इमारत उभी राहीपर्यंत दहा वर्षे गेली, एवढाच त्याचा अर्थ.

याहून बोलका दाखला तुझ्या तालुक्यातच आहे. नार्व्याच्या श्री सप्तकोटेश्वराच्या देवळाबद्दल कुठेही वाच, ‘शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधले’ असे दिसेल. हे कळते कशावरून? देवळाच्या दारावरच्या शिलालेखावरून. त्याचे फोटो नेटवर आहेत, पण तू नार्व्याला जाऊनच बघ. लेखात शके १५९० आहे, कीलक संवत्सर आहे, श्रीशिवराजाचा उल्लेख आहे आणि शेवटी ‘देवालयस्य प्रारंभः’ असे आहे. प्रारंभ! काम सुरू झाल्याची ती नोंद आहे. पुरे कधी झाले, हे लेख सांगत नाही. ‘बांधले’ हा शब्द नंतरच्या लिहिणाऱ्यांचा. आता साल तपासू. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, १५९० अधिक ७८ म्हणजे १६६८. (पौष-माघाच्या सुमारास इंग्रजी वर्ष पालटते, म्हणून तिथपासून फाल्गुनापर्यंत ७९ धरावे लागतात. लेखातला महिना कार्तिक आहे, तेव्हा ७८ बरोबर.) आणि संवत्सराने शक पडताळता येतो : शकात १२ मिळव, ६० ने भाग, जी बाकी उरेल त्या क्रमांकाचे संवत्सर. १६०२ भागिले ६०, बाकी ४२, आणि प्रभव या पहिल्या संवत्सरापासून मोजत गेलीस तर बेचाळिसावे संवत्सर कीलकच येते. शक वाचताना एखादा आकडा चुकला असता तर संवत्सराने लगेच बोंब मारली असती. कोणाच्या ब्लॉगपेक्षा हा हिशेब मला केव्हाही भरवशाचा वाटतो. घराच्या दारावर, तुळशीवृंदावनावर, विहिरीच्या कठड्यावर शक कोरलेला असेल तर असाच तपास. आणखी एक सांगून ठेवतो : सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार २०२३ मध्ये पुरा झाला, तेव्हा त्याआधीचे फोटो आणि आजचे फोटो यांत फरक दिसणारच. फोटोखाली तारीख नसेल तर तो पुरावा म्हणून लंगडा.

जुन्या तारखांची एक अडचण जाता जाता. पोर्तुगालने ग्रेगरी दिनदर्शिका १५८२ मध्येच घेतली, इंग्रजांनी थेट १७५२ मध्ये. सतराव्या शतकातली एकच घटना गोव्याच्या कागदात आणि मुंबई-सुरतेच्या इंग्रज वखारीच्या कागदात दहा दिवसांच्या फरकाने दिसते. तिथे कोणीच खोटे बोलत नसते.

आता तुझ्या घराकडे. मंगळुरी कौले असली की वर्णनात बिनधास्त ‘मूळ कौलारू छप्पर’ लिहिले जाते. ती कौले बनवायला सुरुवात झाली १८६५ मध्ये, बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने मंगळूरला कारखाना काढला तेव्हा. त्याआधी आपल्याकडे नळ्यांची हाती कौले होती. तेव्हा घर १८६५ पूर्वीचे असेल तर हे छप्पर मूळचे नाही. वासे आणि रिपाही त्या बदलात हलवल्या गेल्या असतील, कारण दोन्ही कौलांना रिपांचे अंतर वेगळे लागते. जुन्या रिपांच्या खिळ्यांची भोके वाशांवर दिसतात का, ते माळ्यावर चढून बघ, टॉर्च घेऊन. इथे आणखी एक फसगत होते. बासेल मिशनच्या अनेक कौलांवर १८६५ हा आकडाच उठवलेला असतो. पोरे त्याचा फोटो काढतात आणि लिहितात, ‘छप्पर १८६५ चे’. तो कारखान्याच्या स्थापनेचा आकडा, कौल त्यानंतर पन्नास वर्षांनी भाजलेले असू शकते. कौलावरचे कारखान्याचे नाव मात्र टिपून घे. कारखाने कधी निघाले, कधी बंद पडले, कोणाच्या हाती गेले, यावरून काळाची वरची आणि खालची हद्द बांधता येते.

मामांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नकोस. पणजोबा म्हणजे नेमके कोणाचे पणजोबा, ते विचारून वंशावळ कागदावर मांड. पिढीला पंचवीस-तीस वर्षे धरली तर साधारण काळ निघतो आणि मग तो कौलांशी, कागदाशी जुळतो का ते बघता येते. कागद म्हणजे एक-चौदाचा उतारा, महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा. तो आणि सर्व्हेचा नकाशा भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो. पण त्यावरून घराचे वय कळणार नाही, तो सर्व्हे मुक्तीनंतरचा आहे. त्याआधीचे हवे असेल तर मॅट्रिझ (घरपट्टी-करनोंदवही) आणि डिस्क्रिसांव (मालमत्तेची जुनी नोंदणी) यांचे पोर्तुगीज काळातले क्रमांक शोध, आणि घरात कधी वाटण्या झाल्या असतील तर इन्व्हेंटरीचे कागद. वारसांत काय काय वाटले याची ती यादी असते आणि घराचे वर्णन त्यात येते. घर अमुक साली उभे होते, एवढे तरी त्यातून पक्के होते. हे कागद ऑनलाइन नसतात. ते घरातल्या पेटाऱ्यात किंवा कुटुंबाच्या वकिलाकडे असतात.

पोर्तुगीज काळाबद्दलची एक गोष्ट तू नक्की वाचली असशील : दरवर्षी घर रंगवणे सक्तीचे होते आणि पांढरा रंग फक्त चर्चला परवानगीचा होता. गोव्याबद्दलच्या प्रत्येक प्रवासलेखात ती असते. मी एवढेच विचारतो, कोणता हुकूम, कोणत्या सालचा, आणि तो डिचोलीत लागू होता का? ज्या पानावर याचे उत्तर नाही तिथे ती ऐकीव गोष्ट म्हणून नोंदवायची, कायदा म्हणून नाही. त्यापेक्षा भिंतीलाच विचारता येते. आडोशाची, पावसाचा मारा न लागणारी जागा निवड, वळचणीखालची किंवा दाराच्या वरची. धारदार ब्लेडने तळहाताएवढ्या जागेत एकेक थर हलके खरवडत पायऱ्या पाड. वर डिस्टेंपर, मग कधीचा ऑइल पेंट, मग चुन्यातले रंग : पिवळी माती, हुरमुंज, निळीचा हात, आणि सगळ्यांत खाली बहुतेक वेळा पांढरा चुना. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढ. हा पुरावा तुझा स्वतःचा आहे आणि कुठल्याही साइटवर नाही.

तर ‘कुठे’. शोधताना आधी नावे बदलून बघायची सवय लाव. डिचोलीचे कागद पोर्तुगीज वळणाच्या ‘बिचोलिम’खाली आहेत, नार्वे ‘नारोआ’खाली, आणि पणजीबद्दलचे एकोणिसाव्या शतकातले कितीतरी साहित्य ‘नोव्हा गोवा’खाली, कारण १८४३ पासून राजधानीचे ते अधिकृत नाव होते. मराठी आणि इंग्रजीत शोधून ‘काहीच सापडत नाही’ म्हणणाऱ्यांनी पोर्तुगीज स्पेलिंग घातलेलेच नसते.

पोर्तुगालच्या गुलबेंकियन फाउंडेशनने ‘हेरिटेज ऑफ पोर्तुगीज इन्फ्लुअन्स’ नावाचे एक पोर्टल केले आहे. गावागावांनुसार चर्च, किल्ले, घरे यांच्या नोंदी आहेत आणि नोंदीखाली लिहिणाऱ्या अभ्यासकाचे नाव असते. माझ्या लेखी नाव असणे ही मोठी गोष्ट. चुकले तर कोणाला धरायचे ते कळते. अर्थात तिथला चष्मा लिस्बनचा आहे, देवळे आणि हिंदूंची वाड्यांसारखी घरे त्यात कमी दिसतात. जुन्या गोव्याच्या चर्चसाठी युनेस्कोच्या पानावर जा, १९८६ च्या नोंदीखाली कागदपत्रांचा विभाग आहे. पर्यटकांसाठी लिहिलेला वरचा परिच्छेद सोड, खालचे मूल्यांकन आणि स्थितीचे अहवाल वाच. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर गोवा विद्यापीठाचे प्रबंध पूर्ण मिळतात. प्रबंध सगळेच चांगले असतात असे नाही, पण त्यांची संदर्भसूची हा ऐवज असतो, मी बरेचदा तिथूनच सुरुवात करतो. इंटरनेट आर्काइव्हवर शिलालेखांचे जुने खंड आणि गॅझेटिअर आहेत. मराठीत मूळ संकल्पना समजून घ्यायच्या असतील, कमान, घुमट, शिखर, तर मराठी विश्वकोश आता ऑनलाइन आहे आणि त्यातल्या नोंदी जुन्या असल्या तरी जबाबदारीने लिहिलेल्या आहेत.

आणि पणजीत राहून फक्त स्क्रीनवर बसणे हा करंटेपणा आहे. पाटोचे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचे आहे. पुराभिलेख खात्याचे मूळ तर १५९५ पर्यंत मागे जाते, आणि तिथे मोडीतले कागदही आहेत. पर्वरीला झेवियर सेंटरचे ग्रंथालय आहे. ऑनलाइन सूची बघायची, क्रमांक टिपायचा आणि कदंबाची बस पकडायची.

आधुनिक इमारतींची गोष्ट निराळी. आर्चडेली, डीझीन यांसारख्या साइटवर जे दिसते त्यातला मजकूर पुष्कळदा आर्किटेक्टच्या ऑफिसनेच पाठवलेला असतो. आर्चडेलीवर तर तशी ओळही असते. त्यात खोटे असते असे नाही, पण आपल्या पोराची पत्रिका आपणच लिहिल्यासारखे ते असते. फोटो ताबा देण्याच्या आठवड्यातले. गोव्यात इमारतीची परीक्षा पहिल्या पावसाळ्यानंतर सुरू होते, आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतरचा फोटो कोणी टाकत नाही. म्हणून अशा पानावर मी आधी सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद दाखवणारे चित्र, शोधतो. पागोळी कुठे पडते, सज्जा किती बाहेर आहे, सपाट छपराचे पाणी कुठून जाते. सेक्शन दिलेलाच नसेल तर ते पान बघण्यापुरते, शिकण्यापुरते नाही. कोरियांच्या कामासाठी पणजीतच चार्ल्स कोरिया फाउंडेशन आहे, आणि त्यांच्या ड्रॉइंगचा मोठा संग्रह लंडनच्या रिबा या ब्रिटिश वास्तुकारांच्या संस्थेकडे. कला अकादमीवर लिहायचे झाले तर नूतनीकरणाच्या आधीचे आणि नंतरचे साहित्य वेगवेगळे ठेव. जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचा स्लॅब कोसळला, त्यानंतर जे लिहिले गेले त्यातले बरेचसे वास्तूबद्दल कमी आणि राजकारणाबद्दल जास्त आहे.

दुरुस्तीबद्दल मात्र मला जरा रागानेच लिहावे लागेल, कारण इथे चुकीची माहिती भिंत खाते. जुन्या घराचा गिलावा काढून लाल चिरा उघडा टाकायची टूम आली आहे. ‘मूळ रूप’ म्हणून तिचे फोटो फिरतात आणि दाखला दिला जातो बॉम जेझूस बॅसिलिकेचा. ही बॅसिलिका १६०५ मध्ये अभिषिक्त झाली आणि पुढे शतकानुशतके बाहेरून चुन्याच्या गिलाव्यात होती. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांत ती पांढरी दिसते. सोझा अँड पॉल या गोव्यातल्या स्टुडिओची त्या काळातली छायाचित्रे नेटवर आहेत, चाळून बघ. तिचा गिलावा काढला गेला १९५०च्या दशकात. म्हणजे सगळे जिला ‘चारशे वर्षांची लाल इमारत’ समजतात ती लाल झाली आपल्या आजोबांच्या काळात. तेव्हापासून उघड्या चिऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झोडपतो आहे, आणि पुन्हा गिलावा करावा ही मागणी २०२० मध्ये जाहीरपणे झाली. तिच्यावर मतभेद आहेत, ते असोत. पण ज्या पानावर उघडा चिरा हे ‘मूळ’ म्हणून सांगितले आहे, त्याच्या लेखकाने एकही जुना फोटो पाहिलेला नाही, एवढे नक्की. चिरा सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना मऊ, हवेत राहिला की कडक होतो. त्यातल्या मातीच्या कप्प्यांतून पाणी आत जाते आणि गिलावा हेच त्याचे पांघरूण.

उलट टोकही तितकेच वाईट : सिमेंटचा गिलावा. भिंत ओल घेते आणि सोडते. बाहेरून सिमेंट मारले की ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच सिमेंट सुटते. कुठल्या तरी कंपनीचा व्हिडिओ ‘वॉटरप्रूफ’ म्हणून हेच शिकवतो. तो कोणी बनवला आणि त्याखाली काय विकायला ठेवले आहे, ते बघितलेस की कळेल.

चुन्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण बहुतेक राजस्थानातले. गूळ, मेथी, गुग्गुळ, सगळे दाखवतात. काम सुंदर असते, पण तिकडची हवा कोरडी. आपल्याकडे जूनमध्ये चुना लावायला घेतलास तर तो सुकणारही नाही आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पकडायलाही त्याला सवड मिळणार नाही. गोव्यात हे काम दसऱ्यानंतर सुरू करून वैशाखापर्यंत उरकायचे. गिलावा सावलीत ठेवायचा, ऊन लागत असेल तर गोणपाट भिजवून बांधायचे. तंत्राची तत्त्वे समजून घ्यायला अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ‘प्रिझर्व्हेशन ब्रीफ्स’ फुकट आहेत. त्यांतली दुसरी जुन्या भिंतींचे सांधे भरण्यावर आहे आणि तिचे मुख्य सूत्र इथेही लागू पडते : सांध्यातला मसाला दगडापेक्षा मऊ हवा, झिजायचे ते मसाल्याने, दगडाने नाही. त्यांत बर्फ गोठण्या-वितळण्याची प्रकरणे आली की पान उलट. गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटचीही पुष्कळ प्रकाशने उतरवून घेता येतात. प्रमाणे मात्र इथल्या गवंड्याला विचार आणि तुझ्या भिंतीवर हातभर नमुना मारून एक पावसाळा थांब. दुसऱ्याच्या व्हिडिओतले प्रमाण दुसऱ्याच्या चुन्याचे असते.

कायद्याबाबत थोडक्यात. इथे वर्षभर जुने पानही धोक्याचे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित, हे २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच आले. राज्याच्या संरक्षित वास्तूंना १९७८ चा वेगळा कायदा. आपल्या नगर नियोजन कायद्यात तर गेल्या काही वर्षांत १६ब, १७(२), ३९अ अशी कलमे जोडली गेली आणि त्यांवरून खटलेही उभे राहिले. अशा वेळी एजंटचा लेख वाचायचा नाही, राजपत्र वाचायचे. शासकीय मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर ते असते. अंकाची तारीख आणि मालिका टिपून ठेव, परीक्षकाने विचारले तर तोंडावर उत्तर असेल. आणि एखादा माणूस स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून सल्ले देत असेल तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या यादीत त्याचे नाव शोध, १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते.

एआयला माझा विरोध नाही. पोर्तुगीज कागदाचा कच्चा अनुवाद, शोधासाठी पर्यायी स्पेलिंगे, यासाठी ते वापर. तारीख आणि शैली विचारू नकोस. विचारायचीच असेल तर आधी अशी गोष्ट विचार जिचे उत्तर तुला स्वतः बघून माहीत आहे, साफा मशिदीच्या १५६० सालातली विसंगती किंवा सप्तकोटेश्वराच्या लेखातला शेवटचा शब्द. तिथे ते काय बोलते ते ऐकलेस की बाकीच्या उत्तरांना किती किंमत द्यायची ते ठरवता येईल. तुझ्या घराचे ‘सतरावे शतक’ त्याने कुठून आणले? त्याच होमस्टेच्या पानांवरून.

‘बरोक’चे राहिलेच. कमानीच्या वरचा कोरीव पट्टा आणि काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्या बघून कोणी हा शब्द लावला असेल. शिंपल्यांच्या खिडक्या हिंदूंच्या घरांतही असतात, देवळांच्या अग्रशाळांतही (भाविकांना उतरायच्या खोल्यांतही) दिसतात. अहवालात शैलीचे नाव शेवटी लिही, आणि नाही लिहिलेस तरी चालेल. आधी योजना काढ : ओसरी कुठे, देवाची खोली कुठे, राजांगणाभोवतीची वर्दळ कशी, बाळंतिणीच्या खोलीला दार कुठून. राजांगणाभोवती रचलेले घर हे त्या लेबलापेक्षा खूप जास्त सांगते. अहवालात प्रत्येक विधानापुढे ते कशावर आधारलेले आहे तेही लिही : स्वतः पाहिले, कागदात सापडले, मामांनी सांगितले, नेटवर वाचले. चौथ्या प्रकारची विधाने किती उरतात ते तुलाच दिसेल.

आणि बाल्कांव मूळ घराबरोबरचा आहे की नंतर चिकटवलेला, हे कोणतीही साइट सांगणार नाही. जिथे बाल्कांवाची भिंत घराच्या भिंतीला मिळते तिथला गिलावा पावसाच्या डागाजवळ थोडा सुटलेला असेल, तिथे बघ. चिरे एकमेकांत गुंफलेले असतील, एक थर आत आणि एक बाहेर, तर दोन्ही भिंती एकाच वेळी वर आल्या. वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा असेल तर बाल्कांव मागाहून आला. दोन्ही भिंतींची जाडी आणि चिऱ्याची उंची मोज, चार ठिकाणी. मापे वेगळी निघाली तर खाण वेगळी, काळही बहुधा वेगळा. त्या सांध्याचा फोटो मोजपट्टीसकट पाठव, मग तुझ्या पणजोबांनी अख्खे घर बांधले की फक्त पुढचा भाग, यावर बोलू.